हंड्यातलं पाणी : सावंतवाडीकडच्या एका निसर्गनिवासाचं प्रकरण

सांडपाण्याच्या व्यवस्था आखून देणं हा माझा २५ वर्षांचा धंदा. कुठेही मुक्कामाला गेलो की पाणी येतं कुठून आणि जातं कुठे हे बघितल्याशिवाय याला झोप लागत नाही, असं ही, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगत असते. मे २०२५ मध्ये मात्र मी पहिले पाच दिवस काहीच बघितलं नाही. सुट्टीवर आलोय तर गप्प बसायचं, असं निघतानाच कबूल करून घेतलं होतं. सहाव्या दिवशी पहाटे चारला तिसऱ्यांदा संडासात बसलो असताना तो शब्द मोडायचं मी ठरवलं.

हिला सोरायसिसचा जुना त्रास. पुण्याच्या वैद्यांनी विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करायचा उपचार, सुचवला. विरेचनाचा खरा ऋतू शरद, पण रोग बघून वैद्य मागेपुढे करतात. घरी पथ्य पाळलं जाणार नाही हे त्यांना ठाऊक असल्यामुळे कुठेतरी १४ दिवस राहूनच करा म्हणाले. शोधता शोधता सावंतवाडी तालुक्यातली ही जागा सापडली. निपाणीवरून आजरा आणि आंबोलीचा घाट उतरलं की सह्याद्रीच्या पायथ्याशी. जागेचं नाव मी देत नाही. मालक सरळ माणूस आहे, आणि पुढे त्यांनी जे केलं ते सगळेच करतात असं नाही.

जागा सुंदर, यात वाद नाही. वरच्या अंगाला काजू, मध्ये आंबा-फणस, खाली पोफळीचं आगर आणि त्याला लागून व्हाळ, म्हणजे ओढा. ९ खोल्या, सगळ्या जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, पडव्या शेणाने सारवलेल्या. एसी नाही, टीव्ही नाही, छपरावर सौरबंब, आणि प्लास्टिकची बाटली फाटकाच्या आत आणायची नाही. सकाळी योग, ११ वाजता उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी नाहीतर सोलकढी, चारला कोकम सरबत. जेवणघराच्या कोपऱ्यात तोटी बसवलेला तांब्याचा मोठा हंडा, चिंचेने घासून लख्ख केलेला. त्यातलं पाणी कोणीही, कधीही प्यावं. खोलीत एक पुठ्ठा लावलेला होता : ‘आमच्या विहिरीचं जिवंत पाणी. आम्ही ते कुठल्याही मशीनमधून काढत नाही.’

आरओ न बसवण्याचा त्यांचा निर्णय मला पटलेला होता. आरओ बरंचसं पाणी नुसतं फेकून देतं, आणि जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. जे नाही ते काढायला यंत्र कशाला? पण क्षार वेगळे आणि जंतू वेगळे, हे वाक्य मी अशा वेळी नेहमी पुढे जोडतो. या वेळी जोडलं नाही.

आम्ही १७ मेला पोचलो. २० तारखेला संध्याकाळी पाऊस आला. आम्हाला वाटलं वळीव, तासाभरात जाईल. तो गेलाच नाही. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत आला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही कोकण झोडपून निघालं. वाडीतले लोक पेरणीचं काय करायचं या चिंतेत होते. आम्ही पाहुणे पडवीत बसून पागोळ्या बघत होतो आणि काय नशीब आपलं म्हणत होतो.

२२ च्या रात्री मला जुलाब सुरू झाले. पोटात मुरडा, थोडा ताप. सकाळी जेवणघरात बघतो तर अर्धी बाकं रिकामी. योगवर्गासाठी सोमवारी ७ जणांचा एक गट आला होता, त्यातले ५ जण खोलीतच. त्यांना घेऊन आलेले योगशिक्षक मात्र प्रसन्न होते. म्हणाले, “घाबरू नका. डिटॉक्स होतंय. शरीर विष बाहेर टाकतंय, थांबवायचं नाही.”

मी मान डोलावली. आजारी माणसाला असं काही सांगितलं की बरं वाटतं, ते का, हा प्रश्न वेगळा.

हे तिथल्या वैद्यबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या भडकल्या. तरुण बाई, बीएएमएस करून केरळात दोन वर्षं राहून आलेल्या, बोलायला फटकळ. “विरेचन मी कोणाला दिलेलंच नाही अजून. तुमच्या मिस्टरांना तर अभ्यंगसुद्धा नाही. मग शुद्धी कसली होतेय?” हे त्या हिला म्हणाल्या, माझ्या देखत. मग सगळ्यांना ओआरएसची पाकिटं वाटली, पेजेत मीठ घालून द्यायला सांगितलं आणि हातात वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. मी पोट धरून त्यांच्या मागे.

त्या दिवशी मुक्कामाला १४ पाहुणे होते. ५ जण उपचारांसाठी आलेले, बाकीचे ९ योगाचे किंवा माझ्यासारखे सोबतीचे. आजारी ७. आणि हे सातही जण त्या नऊंतले! उपचारवाल्यांपैकी एकालाही काही नाही. ज्यांना तूप पाजलं जात होतं, तेलात भिजवलं जात होतं, ज्यांची पोटं नाजूक असायला हवी होती, ते ठणठणीत. आणि सूर्यनमस्कार घालणारे आडवे.

कोडं वैद्यबाईंनीच आधी सोडवलं. स्नेहपान, म्हणजे हे तूप पिणं, चालू असताना पाणी गरमच प्यायचं, हा आयुर्वेदातला जुना आणि कडक नियम. त्यांच्याकडे बाकी उपचार घेणाऱ्यांनाही तोच लागू. या पाचजणांच्या खोलीत रोज सकाळी सुंठ घालून उकळलेल्या पाण्याचा थर्मास जायचा. हंड्याला हात लावायची आणि सरबताची त्यांना बंदी. ही तर पाच दिवस माझ्या सरबताकडे बघून उसासे टाकत होती.

उरलेल्या नऊंतले दोघं कसे वाचले? त्यातल्या एका गृहस्थांनी बरेच आढेवेढे घेऊन कबूल केलं की बॅगेत सावंतवाडीहून आणलेल्या बाटलीबंद पाण्याची खोकी आहेत. फाटकावर त्यांनी ती कपड्यांखाली लपवून आत आणली होती. दुसरी एक मुलगी सगळ्यांबरोबर तेच पाणी, तेच सरबत पीत होती आणि तिला काहीही झालं नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तांब्याचं काय, असं मालकांनी विचारलं. तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात हे खोटं नाही, प्रयोगशाळेतही ते दिसलेलं आहे. पण त्यासाठी पाणी त्यात रात्रभर, पंधरा-सोळा तास राहावं लागतं. हा हंडा उन्हाळ्यात दिवसातून पाच-सहा वेळा भरला जायचा. ओतलं की अर्ध्या तासात पेल्यात.

स्वयंपाकघरातल्या काकूंना मी विचारलं, तुमच्यापैकी कोणी आजारी पडलं का? काकूंनी भाजी चिरणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “दादानू, आमी ह्या पाणी पिनव नाय. घराकडसून बाटली हाडतंव.” का? “पाऊस लागलो की वास मारता.” कधीपासून? तर वरच्या खोल्या झाल्यापासून. मालकांना सांगितलं का? त्यावर काकूंनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

वरच्या खोल्या. छत्री घेऊन मी तिकडे निघालो.

हे निवास सुरू झालं तेव्हा खोल्या ४ होत्या, सगळ्या खालच्या अंगाला. त्यांची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा पोफळीच्या बाजूला, विहिरीपासून लांब आणि उताराला खाली. कोकणातलं जुनं घर बघा, तिथे हेच असतं. विहीर वर. न्हाणीघराचं पाणी केळी-अळवाला नाहीतर माडाच्या आळ्यात. संडास परसात, सगळ्यात लांब. कोणी आराखडा काढलेला नसतो, पण चुकलेलं क्वचित दिसतं. दोन वर्षांपूर्वी मागणी वाढली म्हणून आणखी ५ खोल्या आणि पंचकर्माची खोली बांधली. तिथून दरी दिसते म्हणून ती वर बांधली. प्रत्येक खोलीला जोडून संडास, आणि त्या सगळ्याची मिळून एक सेप्टिक टाकी आणि एक नवा शोषखड्डा, काजूच्या झाडांत, दिसू नये असा.

टेप लावली. खड्ड्याच्या कडेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत १४ मीटर. खड्डा वर, विहीर खाली. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा, आणि तेही साध्या मातीत. जांभा म्हणजे दगडाचा स्पंज. वरून कठीण, आत भोकंच भोकं, काही ठिकाणी मनगट जाईल एवढी. मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं, जांभ्याच्या भोकातून ते नुसतं वाहतं. आणि खाली शेडीचा, म्हणजे मऊ चिकण मातीचा, थर लागला की पाणी आणखी खोल न जाता आडवं सरकतं. विहीर तिथेच लागलेली असते.

तरी दोन वर्षं निभावलं होतं. मग आताच काय झालं? दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडल्यावर गड्याला घेऊन खड्ड्यावरची फरशी उचलली. इथे मला नवीन काहीतरी शिकायला मिळालं, आणि हे प्रकरण लिहायचं खरं कारण तेच. खड्ड्याच्या आतल्या चिऱ्यांवर काळपट, चिकट साय धरलेली होती. बोटाने खरवडली तर नखात मेणासारखी बसली. आणि वास मैल्याचा नाही, खवट तेलाचा.

अभ्यंगाला एका माणसाला वाटीभर तरी तेल लागतं, कपाळावर तेलाची धार धरायच्या शिरोधारेला त्याहून बरंच जास्त. ते अंगावरून निघतं गरम पाणी आणि मुगाच्या पिठाने. तेल, पीठ आणि गरम पाणी यांचं मिश्रण नळीतून जाताना पातळ असतं, खड्ड्यात गार झालं की चिकटून बसतं. शिवाय तेलकट पंचे धुतल्याचं पाणीही तिकडेच जायचं. हे सगळं सेप्टिक टाकीत न मुरता पुढे येऊन चिऱ्यांची भोकं लिंपत गेलं. तळ बंद, खालच्या बाजू बंद. म्हणून पाणी वर चढलं आणि जिथे साय पोचली नव्हती त्या वरच्या सांध्यांतून, अगदी जमिनीलगत, बाहेर पडायला लागलं. वरून चार दिवस धो धो पाऊस. सगळं उताराने विहिरीकडे निघालं. विहिरीचा कठडा सुबक होता, पण भोवती सिमेंटचा कट्टा नव्हता. कट्टा घातला की जुनेपण जातं, असं वास्तुरचनाकाराचं मत पडलं होतं.

संशय कितीही पक्का असला तरी तो संशयच. २३ तारखेलाच मालकांनी गाडी काढून आरोग्य उपकेंद्रातून एच-टू-एसच्या बाटल्या आणल्या होत्या. छोट्या काचेच्या बाटल्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबेला ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर पाणी एक-दोन दिवसांत काळं होतं. तीन भरल्या : एक विहिरीची, एक हंड्याची, एक उपचारवाल्यांच्या थर्मासमधली. पावसाळी गारव्यात ऊब कुठून आणायची, तर वैद्यबाईंनी त्या तेल गरम ठेवायच्या कपाटात ठेवल्या. २४ च्या संध्याकाळी मालकांनी कपाट उघडलं. दोन बाटल्या शाईसारख्या काळ्या. तिसरी होती तशी.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझी आई याच विहिरीचं पाणी प्यायली आयुष्यभर.”

बाटली काळी होणं हा शेवटचा पुरावा नव्हे. मातीतले काही जंतूही ती काळी करतात. म्हणून रीतसर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीला ई-कोलाय हे विष्ठेतले जंतू शून्य हवेत. तिथे ते सापडले.

अहवालाची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. हंडा रिकामा केला, सरबत बंद, सगळ्यांना उकळलेलं पाणी. मालकांना गॅस जाळायचं जिवावर आलं होतं, म्हणून हिशोब मांडला. १४ माणसं, माणशी ४ लिटर, म्हणजे ५६ लिटर पाणी उकळायचं. त्याला दिवसाला पाऊण किलोच्या आतच गॅस लागतो. १९ किलोचं सिलिंडर जवळजवळ महिना पुरेल. अतिनील किरणांनी जंतू मारणारं यूव्हीचं यंत्र चाललं असतं, पण त्याला पाणी स्वच्छ, नितळ लागतं आणि वीज लागते. पावसाळ्यात तिथे दोन्हींची खात्री नाही.

खरी वादावादी झाली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरवरून. विहिरीत क्लोरीन टाकायचा म्हटल्यावर मालक ताडकन म्हणाले, “आम्ही केमिकल वापरत नाही असं लिहून दिलंय पाहुण्यांना.” माझ्या तोंडून निघून गेलं, “मग खड्ड्यातलं पाणी पाजतो असंही लिहायला हवं होतं.” हे बोलायला नको होतं. आजारपणात माणूस जरा जास्तच स्पष्ट होतो. शेवटी वैद्यबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. काय सांगितलं माहीत नाही, पण तासाभराने गावचा जलसुरक्षक पिशवी घेऊन हजर झाला.

हा विशीतला पोरगा, ग्रामपंचायतीच्या विहिरींना पावडर टाकायचं काम करणारा. त्याने आधी दोरी सोडून पाणी मोजलं. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे सुमारे १४ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर ३५ ग्रॅम. दूषित आहे म्हणून दुप्पट, ७०. तागडीत तोललं. बादलीत थोड्या पाण्यात पावडरची पेस्ट केली, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळलं आणि दहा मिनिटं विडी ओढत बसला. चुना तळाशी बसल्यावर वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं, चुना फेकला, आणि ती बादली दोरीने विहिरीत सोडून वरखाली, डावीउजवी करत पाणी घुसळलं. तासाभराने नमुना काढून क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. “झाला,” म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला. सगळ्या मुक्कामात इतकं नीट केलेलं काम मी दुसरं बघितलं नाही.

२५ तारखेला मालकांनी सगळ्यांना जेवणघरात बसवून झालेला प्रकार सांगितला. आडपडदा ठेवला नाही. दोन रात्रींचे पैसे परत दिले. काविळीचे अ आणि ई हे प्रकार दूषित पाण्यातून येतात आणि दिसायला सात-आठ आठवडेही लागू शकतात, तेव्हा जुलैपर्यंत लक्ष ठेवा, असं वैद्यबाईंनी बजावलं. योगशिक्षक म्हणाले की तरीही थोडी शुद्धी झालीच असेल. कोणी उत्तर दिलं नाही.

हिचं विरेचन ठरल्या दिवशी नीट पार पडलं. मी तोपर्यंत माझं उरकलेलं होतं.

पुढचं काम मी फी न घेता आखून दिलं, जेवणाच्या बोलीवर. वरचा खड्डा उपसून कायमचा बंद. पाच खोल्यांचा मैला बंद नळाने उताराला, जुन्या खड्ड्याच्याही पलीकडे नेला. पंचकर्माच्या खोलीचं पाणी मैल्यापासून पूर्ण वेगळं केलं. त्याला आधी तीन कप्प्यांचा तेलाचा सापळा, मग खडी-वाळूचा, कर्दळी लावलेला वाफा, आणि तिथून माडांना. सापळ्यावरचं तेल दर आठवड्याला हाताने काढायचं, हा सगळ्यात अवघड भाग, कारण ते काम कोणालाच नको असतं. उपचारानंतर अंग धुण्याआधी जुन्या सुती फडक्याने पुसून घ्यायचं, ही युक्ती वैद्यबाईंची. तेवढ्याने सापळ्यातलं तेल निम्म्याहून कमी झालं असावं. विहिरीला कट्टा घातला, चिऱ्याचाच, दिसायला वाईट नाही.

एक गोष्ट मात्र आखण्यातून सुटत नाही. हॉटेलात एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरायचं असं मानक सांगतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला धरलेत ५५. इथे शॉवर नाहीत, बादली आहे, तरी तेल धुणं आणि चादरी-पंचे मिळून आकडा हॉटेलच्याच जवळ जातो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. मे महिन्यात फक्त ५ खोल्या भरा, असं मी सुचवलं. मालक विचार करतो म्हणाले. अजून करतायत.

नोव्हेंबरमध्ये गोव्याहून परत येताना वाट वाकडी करून गेलो. नव्या नमुन्यात ई-कोलाय नव्हते. कर्दळ तांबडीलाल फुललेली. हंडा परत जागेवर आला होता, त्यात आता रात्री उकळून ठेवलेलं पाणी भरतात. खोलीतला पुठ्ठा मात्र तोच, जिवंत पाण्याचा. नवीन छापायला टाकलेत म्हणाले.

स्वयंपाकघरात डोकावलो. काकूंनी चहा टाकला. ओट्याच्या कडेला, पीठाच्या डब्यामागे, घरून आणलेली पाण्याची बाटली होती.